आधी पेटी, मग आंबा

आमच्या कंपनीत कोट एकच होता. गडद निळा, साहेबांच्या मापाचा, आणि मिटिंगच्या खोलीत दाराआडच्या खिळ्याला टांगलेला. परदेशच्या गिऱ्हाइकाशी व्हिडिओवर बोलायची ज्याची पाळी, त्यानं तो अंगात चढवायचा. साहेब उंचेपुरे, भरदार. मी म्हणजे पाप्याचं पितर. मी कोट घातला की बाह्यांमध्ये हात शोधावे लागायचे. मग आमचा एक सहकारी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी तो मागून पाठीशी आवळून द्यायचा, आणि मी हॉलंडमधल्या कुणा सद्गृहस्थाला सांगायचे की आमच्या कामाचा दर्जा जागतिक आहे. सगळं लक्ष चिमट्याकडे. जोरात श्वास घेतला तर सुटेल म्हणून मी अर्धा अर्धा श्वास घेत जागतिक दर्जा सांगायचे. आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

आमची कंपनी तंत्रज्ञानाचा सल्ला विकायची. असं म्हटलं की कुणाला काही कळत नाही, माझ्या आईला तर अजून कळलेलं नाही. कुणाचं गोदाम असेल, कुणाचा कारखाना असेल, तिथलं काम कसं चालतं ते समजून घ्यायचं, कॉम्प्युटरनं कुठं सोपं होईल ते सांगायचं आणि तसं सॉफ्टवेअर करून द्यायचं. ऑफिस रत्नागिरीत, मारुती मंदिराच्या मागच्या अंगाला, पिठाच्या गिरणीच्या वर. पण हे ‘रत्नागिरीत’ परदेशात कुणाला कळता कामा नये, हा साहेबांचा पहिला नियम. आमच्या वेबसाइटवर मुंबई होती, लंडन होतं, रॉटरडॅम होतं. मुंबई म्हणजे एका भाड्याच्या ऑफिसात टपाल घ्यायची केलेली सोय. लंडनला साहेबांच्या शाळासोबत्याचा भाचा शिकायला होता. आणि रॉटरडॅमचं ऑफिस म्हणजे साहेबांचा मावसभाऊ. तो बोटीवर होता आणि त्याची बोट अधूनमधून त्या बंदराला लागायची. एकदा एका गिऱ्हाइकानं रॉटरडॅमच्या ऑफिसात डोकावून जायची इच्छा धरली. साहेबांनी घाईघाईनं मावसभावाला फोन लावला, तर तो ब्राझीलच्या वाटेवर होता.

साहेबांच्या खुर्चीमागे एक भलामोठा पडदा होता. त्यावर काचेच्या इमारतींचं चित्र, संध्याकाळचे दिवे लागलेले. कॉल सकाळी असला तरी मागे संध्याकाळच. खाली गिरणी सुरू झाली की आवाज वर यायचा, तेव्हा साहेब गिऱ्हाइकाला सांगायचे की शेजारी मेट्रोचं काम चाललंय. रत्नागिरीत मेट्रो! शेवटी त्यांनी गिरणीत एक लाल दिवा बसवून घेतला. वर कॉल सुरू झाला की खाली दिवा लागायचा आणि गिरणवाला पट्टा बंद करायचा. दळणाचे डबे घेऊन थांबलेल्या बायका मग आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. त्यातली एक माझी चुलतमामी होती. लग्नाकार्यात भेटली की सगळ्यांसमोर विचारायची, काय गो, तुमची मेट्रो कुठवर आली?

परदेशात म्हणे साहेबाला पहिल्या नावानं हाक मारतात. आम्हीही तसंच करावं असा त्यांचा आग्रह होता. आता वयानं एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला आमच्याकडे जीभ उचलते का? मग मधला मार्ग निघाला. कॅमेरा चालू असेतोवर नाव, बंद झाला की साहेब. कधी गडबड व्हायची, आणि कॅमेरा चालू असताना तोंडातून ‘साहेब’ जायचं. मग साहेब असे डोळे मोठे करायचे की बोलणाऱ्याला पुढचं काही आठवू नये.

मला त्यांनी नोकरीवर घेतलं ते इंग्रजीच्या एम.ए.साठी नव्हे. मुलाखतीत त्यांनी गाव विचारलं. मी पावस सांगितलं. घरी कलमं आहेत का, म्हणाले. आहेत म्हटल्यावर त्यांनी मला आंब्याची पेटी कशी भरतात ते सांगायला लावलं. मी गवताच्या थरापासून सुरुवात केली आणि वरच्या थराला चांगल्या रंगाचं फळ ठेवतात इथवर आले, तेव्हा त्यांनी टेबलावर हात आपटला. लोक आधी पेटी बघतात, मग आंबा, म्हणाले. तुझं काम पेटीचं. अशी मी त्या कंपनीची ब्रँड मॅनेजर झाले. हे वाक्य त्यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचं. कुणी चांगला प्रोग्रॅम लिहून दाखवायला आलं की ते आधी स्क्रीनचा रंग बघायचे आणि म्हणायचे, आधी पेटी, मग आंबा.

माणूस वाईट होता असं कुणी समजू नका. मुंबईत मोठ्या कंपनीत भरघोस पगाराची नोकरी होती, ती सोडून ते परत आले ते एकाच हट्टानं. इथल्या मुलांना पोटासाठी मुंबईची गाडी धरायला लागता कामा नये. राजापूर, लांजा, संगमेश्वरकडच्या खेड्यांतली मुलं-मुली त्यांनी हेरून हेरून आणली होती. कुणाला खोली बघून दिली, कुणाच्या घरी जाऊन मुलीला कामाला पाठवा म्हणून बापाची समजूत घातली. कामाला वाघ. रागवायचे, पण पगार कधी चुकवला नाही. फक्त ज्या गावासाठी हा सगळा आटापिटा, त्याचं नाव तोंडातून निघालं की त्यांना घाम फुटायचा.

आमच्या बाबांना हे काही केल्या पटेना. हंगामात दक्षिणेकडून आंबा येतो आणि रत्नागिरीचं नाव छापलेल्या पेटीत बसून देशोदेशी जातो, ह्यावर ते आधीच जळत असायचे. ते मला म्हणाले, अख्खं जग दुसऱ्याचा माल रत्नागिरीच्या नावानं खपवतंय, आणि तुम्ही दीडशहाणे रत्नागिरीचा माल मुंबईच्या नावानं विकताय. धन्य आहे तुमची. मला हसू आलं आणि मी ते दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “आंब्याला कुणी विचारत नाही, तुझे आईबाप काय करतात म्हणून.”

साहेबांची आई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे विकायला बसायची. आम्ही सगळे तिला त्यांच्यासारखंच आये म्हणायचो. मुलगा एवढा कमावता झाला तरी तिनं पाटी सोडली नव्हती. घरी बसून काय भिंती चाटू, म्हणायची. बाजार उरकला की दुपारी ती लेकाचा डबा घेऊन यायची, आणि डब्याच्या आडून आम्हाला तळलेला बांगडा, कधी कोलंबी. पुढच्या जिन्यानं यायचं नाही, असं साहेबांनी तिला सांगून ठेवलं होतं. ती गिरणीच्या मागच्या लोखंडी जिन्यानं चढायची आणि वरच्या पायरीवर डबा ठेवून बसून राहायची. एकदा साहेब नसताना आम्ही तिला आत आणलं. तिनं काचेच्या इमारतींचा पडदा नीट निरखला आणि विचारलंन, ह्यात ऱ्हातं कोण?

कॉलच्या दिवशी ऑफिसात डब्यात मासे आणायला बंदी होती. वास काय कॅमेऱ्यातून जातो का साहेब, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, वास जात नाही, पण तो आलाय हे आपल्या तोंडावर दिसतं. त्यांच्या बेसिनवर कायम अर्धं लिंबू असायचं आणि मिटिंगला जाण्याआधी ते त्यानं हात चोळायचे. शाळेत त्यांच्या शेजारचा मुलगा बाक बदलून बसला होता. मास्तरांनी मग ह्यांनाच खिडकीपाशी बसवलं. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं, लिंबू चोळता चोळता.

तर नॉर्वेची कंपनी. मासळीचा मोठा व्यापार असलेली. बोटीवरून मासा धक्क्यावर उतरला की त्याचं वजन, जात, प्रत, कुठल्या क्रेटमध्ये गेला, बर्फात कधी पडला, हे सगळं जागच्या जागी नोंदवायचं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. काम मोठं, पुढची कित्येक वर्षं चालणारं. ते मिळतं तर एकालाही गाव सोडायला लागलं नसतं. न मिळतं तर निम्म्यांना निरोप द्यायचा, एवढी आमची तेव्हा पैशाची ओढाताण होती. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना दाखवायच्या नमुन्यावर साहेबांनी जीव ओतला. स्क्रीनवर अक्षरं जवळजवळ नाहीत, माशांची चित्रं, आणि बटणं एवढी मोठी की ओल्या हातमोज्यानं, अगदी कोपरानंही दाबता यावीत. रविवारी ते टॅब घेऊन बंदरावर गेले आणि आयेला खवल्यांनी भरलेल्या हातानं तो दाबायला लावला. तिनं दोनदा शिव्या घातल्या, तिसऱ्यांदा जमलं. हे मला मागून आयेनंच सांगितलं. सोमवारी, हे कुणाला कळू नये म्हणून साहेबांनी टॅब स्वतः घासूनपुसून आणला होता, पण काचेच्या कडेला एक खवलं राहिलंच होतं.

काम कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या त्या नॉर्वेच्या कंपनीतल्या बाई प्रत्यक्ष भेटायला येणार असं कळलं. मुंबईत काचेच्या इमारतीत दिवसापुरतं ऑफिस भाड्यानं घेतलं. साहेब आणि मी रेल्वेनं गेलो. दारावर आमच्या नावाची पाटी मी दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं लावली. आत भलत्याच कंपन्यांची माणसं आपापल्या कामात बसली होती. साहेबांनी त्यांच्याकडे हात करून बाईंना सांगितलं, ही आमची टीम. त्यातल्या एकानं थोड्या वेळानं येऊन मलाच विचारलं की इथं प्यायचं पाणी कुठं मिळतं. मी जमीन दुभंगायची वाट बघितली.

बाई वयस्क होत्या, साध्या. कोट नाही, लोकरीचा स्वेटर. त्यांना नमुना मनापासून आवडला. त्यांनी ते मोठं बटण कोपरानं दाबून बघितलं आणि हसल्या. मग म्हणाल्या, आधी ज्यांनी आमचं सॉफ्टवेअर केलं त्यांनी कधी ओला मासा हातात घेतला नव्हता, म्हणून ते फसलं. हे कोपराचं तुम्हाला कसं सुचलं? साहेब म्हणाले, आमचा संशोधन विभाग आहे. बाईंनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, बोटी लागतात तेव्हा धक्क्यावर तुमच्यातलं कुणी उभं राहिलंय का? तुम्ही स्वतः? तुमच्या घरचं कुणी ह्या धंद्यात आहे का?

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता. हा माणूस पोरवयात मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पाट्या उचलत होता. नुसतं ‘आहे’ म्हणायचं होतं. निम्म्यांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या.

“नाही,” साहेब म्हणाले. “आम्ही मुंबईचेच. माझी आई शाळेत शिक्षिका होती.”

इंग्रजीत म्हणाले, शांतपणे, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता. मास्तरीण त्यांनी कुठून काढली ते मला आजवर कळलेलं नाही. मी टेबलाकडे बघत बसले. दुपारची वेळ होती, आये तेव्हा बाजार आवरत असणार. मला लाज वाटली. त्यांची वाटली आणि त्यांच्याशेजारी गप्प बसलेल्या माझी त्याहून जास्त वाटली. बाईंनी माझ्याकडेही पाहिलं. मी हसले. ब्रँड मॅनेजर हसते तशी.

परतीच्या गाडीत साहेब चिपळूणपर्यंत दारावरून काढून आणलेल्या पाटीचा टेप नखानं खरवडत होते. मग म्हणाले, चांगली झाली ना मिटिंग. मी हो म्हटलं.

काही आठवड्यांनी बाईंचा कॉल आला. कोट चढला, दिवा लागला, गिरणी थांबली. बाईंनी काम दुसऱ्यांना दिलं होतं. कुठल्याशा छोट्या बंदरावरची छोटी कंपनी. तिच्या मालकाचा भाऊ मासेमारी करतो आणि त्यानं त्यांना घरी जेवायला नेलं होतं. बाई आडपडदा न ठेवता बोलल्या. तुमचं काम सगळ्यांत सरस होतं, म्हणाल्या. पण ते तुम्हाला कुठून येतं असं मी विचारलं, तर तुम्ही मला जाहिरात वाचून दाखवलीत. मला वर्षानुवर्षं ज्यांच्याबरोबर काम करायचं ती माणसं कोण, तेच मला कळलं नाही. साहेब थँक यू म्हणाले. कॉल संपला तरी बराच वेळ कुणी लाल दिवा बंद केला नाही, आणि खालून बायका ओरडायला लागल्या.

निम्मी मुलं गेली. कुणी पुण्याला, बाकी मुंबईलाच. प्रत्येकाला पोचवायला साहेब स्टेशनवर जायचे, गाडीत खायला वडे बांधून द्यायचे आणि गाडी हलली तरी फलाटावर उभे असायचे. लांज्याकडची एक मुलगी निघताना रडली, तर हे तिच्यापेक्षा जास्त रडले. मला वाटलं, संपलं आता. पण असा माणूस थोडाच संपतो?

एक दिवस सकाळी ते आले ते तोंडभर हसत. आपण चुकत होतो, म्हणाले. आता जगाला खरं हवंय. वेबसाइट नव्यानं करायची. रत्नागिरी मोठ्या अक्षरांत. समुद्र, बोटी, आणि पहिल्याच पानावर आये, पाटी घेऊन बसलेली. खाली आमची गोष्ट. लिही तू, असं लिही की वाचून डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मला आधी खरंच आनंद झाला. लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर बरोबर घेऊन आम्ही मिरकरवाड्याला गेलो. साहेबांच्या हातात एक नवी कोरी पाटी होती. आयेची जुनी पाटी फोटोत बरी दिसायची नाही म्हणून वाटेत विकत घेतलेली.

बोटी नुकत्याच लागल्या होत्या, लिलावाचा गलका चालला होता. आये सुरमई कापत होती. साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले आणि समजावून सांगायला लागले की आये, आता तुझा फोटो सगळ्या जगात दिसणार. कोयता न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलंन, आता कशी माझी आठवण झाली? तेव्हा साहेबांनी नॉर्वेच्या बाईंचं सांगितलं; काम गेलं, ते का गेलं.

“तिनं विचारलंन तवा तू काय सांगितलंस?”

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी समुद्राकडे. शेवटी त्यांनीच सांगितलं, तू शाळेत शिक्षिका होतीस म्हणून.

आयेचा कोयता थांबला. “कुठल्या शाळेत?” तिनं विचारलं, आणि शेजारची बाई हसली. आये हसली नाही. तिनं हात पुसले, नवी पाटी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली आणि बाजूला ठेवली.

“आदी मास्तरीण केलंस ती धंद्यापायी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “आता म्हावरंवाली करतोस तीपण धंद्यापायीच. मना येक सांग. माझी लाज वाटत होती ना तुला?”

एवढ्या गलक्यात ते काय बोलतात ते ऐकायला मला पुढे वाकावं लागलं.

“होती,” साहेब म्हणाले.

“अजून वाटते?”

साहेबांनी बाजूची नवी पाटी ओढून परत सरळ मांडली.

“थोडी.”

आयेनं मान हलवली, गिऱ्हाइकानं बरोबर भाव सांगितल्यावर हलवायची तशी. “मग तेवढं लिव तिथं,” ती म्हणाली. “ते लिवलंस की काढ फोटो.” आणि तिनं पुढची सुरमई ओढली.

फोटोग्राफर कॅमेरा गळ्यात घालून आमच्या तोंडाकडे बघत राहिला. आम्ही परत आलो. जुनी वेबसाइट साहेबांनी त्याच दिवशी बंद करून टाकली, आणि नव्या पानाचं मला पुन्हा कधी विचारलं नाही. मी वर्षभरानं नोकरी सोडून चिपळूणला आले, तोवर रोज ते पान उघडायचे. वर ‘आमच्याविषयी’ असं लिहिलेलं असायचं, खाली कोरं. आयेनं लिहायला सांगितलेलं वाक्य मला ठाऊक होतं. ते लिहिण्यासाठीच मला पगार मिळत होता. माझा धीर झाला नाही.